मागच्या खोलीतली आई

गौरी जेवायच्या दिवशी आईनं मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. सवाष्णी यायला अजून तासभर होता. बायकोनं हाक मारली, मग मी मारली. आतून पाटीवर पेन्सिल आपटल्याचा आवाज आला, म्हणजे ऐकलंय पण उघडत नाही. थोड्या वेळानं दाराखालच्या फटीतून पाटी बाहेर सरकली. ‘बाया गेल्यावर ऊघडते. ऊदबत्ती लावा.’

ही २२ सप्टेंबर २०२३ची गोष्ट. पन्नास वर्षं जिनं आमच्या घरच्या गौरी उभ्या केल्या, मुखवट्यांना नथ घातली, सोळा भाज्यांचा हिशेब तोंडपाठ ठेवला, ती सणाच्या दिवशी स्वतःच्याच घरात लपून बसली होती. आणि खरं सांगायचं तर तिनं दार लावलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मी दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

आईला मिश्रीची सवय लग्नाच्या आधीपासूनची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर एकदा, रात्री भांडी झाल्यावर एकदा दातांना लावत उंबऱ्याला बसायचं. आमच्याकडच्या बायकांची ती हक्काची दहा मिनिटं. तोंडात मिश्री असली की बोलता येत नाही, त्यामुळं तेवढ्या वेळात कुणी काम सांगत नाही. तिची डबी पितळेची होती, झाकणावर मोर. मोराची मान घासून गेली होती.

२०२१च्या दिवाळीत उजव्या गालाच्या आत चट्टा आला. कडक चकली लागली असेल म्हणून महिनाभर हळद आणि मध लावला. डिसेंबरात तुकडा काढून तपासला. फेब्रुवारीत परळला टाटाला ऑपरेशन झालं. अर्धा जबडा काढला आणि छातीचं मांस फिरवून गालाला लावलं. त्यानंतर सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, असे रेडिएशनचे तीस शेक. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. ऑपरेशन फुले योजनेत बसलं, रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं तेही मिळालं. पैसा गेला तो वरच्या वर: टॅक्सी, नळीतून द्यायचं दूध आणि पावडरी, माझी बिनपगारी रजा. मी साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क आहे आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. दोन म्हशी विकल्या. हा भाग इतक्यावरच सोडतो, कारण ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांना तो पाठ आहे.

या सगळ्या काळात आम्ही आईला ‘साधी गाठ आहे’ असं सांगत होतो. बहीण, मी, मेहुणे, सगळ्यांचं ठरलं होतं. फाईल तिच्यापासून लांब, डॉक्टरांशी बोलणं दाराबाहेर. टाटाच्या ओपीडीत बसवून, कॅन्सरच्या माणसांनी भरलेल्या धर्मशाळेत दीड महिना ठेवून, ‘साधी गाठ’! आता हसू येतं. तेव्हा आम्हाला तो डाव अगदी पक्का वाटत होता.

२०२३च्या जानेवारीत गाल पुन्हा सुजला. कमी खर्चाच्या तोंडी घ्यायच्या केमोच्या गोळ्या सुरू झाल्या, जुलैपर्यंत चालल्या. गाठ मात्र गाल फोडून बाहेर आली. तोंड एवढं आवळलं की करंगळी आत जाईना. बोलणं कुणाला समजेना, म्हणून मुलाची जुनी पाटी तिला दिली. आई चौथी शिकलेली. सुरुवातीला ती पाटीवर फक्त ‘पानी’, ‘पंका’ असं लिहायची. पुढं पुढं तोंडानं जितकं बोलली नसती तितकं लिहायला लागली.

टाटाच्या शेवटच्या फेरीत तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की आता पॅलिएटिव्ह विभागाला दाखवा. मी एका वॉर्डबॉयला विचारलं, हे काय असतं? तो म्हणाला, ‘शेवटच्या लोकांना असतं ते.’ आम्ही तो कागद फाईलच्या अगदी तळाशी घातला आणि गावाकडं आलो. तिथं चूक झाली. त्या कागदावर दुखणं कमी करायची सोय होती आणि आम्ही तो मरणाचा दाखला समजून तीन महिने दडवून ठेवला.

त्या तीन महिन्यांत आमच्या घराचा वास बदलला. गालावरच्या जखमेला जो वास येतो त्याची तुलना कशाशी करता येत नाही. फिनेल, डेटॉल, धूप, कापूर, सगळं करून झालं. आई माजघरातून मागच्या खोलीत कधी गेली ते मला आठवत नाही. कुणी ‘जा’ म्हणालं नाही. आधी तिची गादी गेली, मग पाण्याचा तांब्या, मग एक दिवस आईच तिथं होती. तिचं ताट-वाटी वेगळं ठेवायला लागलो, तेही कुणी ठरवून नाही. लोक मात्र बायकोलाच बोलले, ‘सुनेनं सासूचं ताट वेगळं केलं.’ तो स्टीलचा पेला खिळ्याला वेगळा टांगला होता मी.

पाहुणे यायचे ते अंगणातूनच विचारायचे, ‘कशाय आता?’ काहीजण बायकोला हळूच, ‘लागण होत न्हाई ना?’ कॅन्सर असा लागत नाही हे मला माहीत होतं, मी तसं सांगायचोही, आणि रात्री पोरांना म्हणायचो, आजीच्या खोलीत जास्त वेळ बसू नका.

त्यातच मुलीला स्थळ आलं. वाईकडचं, चांगलं. आम्ही त्यांना आजीचं दाढेचं ऑपरेशन झालंय म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. त्यांना कुठून तरी कळलं होतं. ‘तसं काही नाही, पण हे घराण्यात आहे का, एवढंच विचारत होते.’ पुढं त्यांच्याकडून काही आलं नाही. आईला आम्ही ‘पत्रिका जमली नाही’ म्हणालो. ती मागच्या खोलीत होती आणि मध्ये अर्ध्या विटेची भिंत होती, आमचा फोन तिनं ऐकला नसेल असं आम्हाला का वाटलं कोण जाणे.

ऑगस्टात दुखणं वाढलं म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर कॉरिडॉरमध्येच म्हणाले, ‘तीनेक महिने धरा. आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, सेवा करा.’ आई व्हीलचेअरवर, दोन हातांवर. पुढच्या वाक्यात त्यांनी हवं असेल तर आयसीयूत ठेवू असंही सांगितलं. करण्यासारखं काही नाही आणि आयसीयू, ही दोन वाक्यं मी परतीच्या एसटीत कितीतरी वेळा एकाशेजारी एक ठेवून बघितली. गोळ्या दिल्या होत्या त्या पित्ताच्या आणि एक साधी दुखण्याची. ती गोळी घेऊन आई पहाटेपर्यंत भिंतीला पाठ लावून बसायची. आडवी झाली की ठणका वाढायचा. आबा, माझे वडील, पडवीत झोपायचे. झोपायचे म्हणजे तेही जागेच असायचे, पण आत यायचे नाहीत.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी गालावरचं फडकं सोडलं आणि जखमेत काहीतरी हललं.

आमच्याकडं कुणाला तळतळाट द्यायचा असला तर ‘तुझ्या तोंडात किडं पडतील’ म्हणतात. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेली शिवी. खोटं बोलणाऱ्याच्या, दुसऱ्याचं खाणाऱ्याच्या तोंडात किडे पडतात. मी फडकं परत झाकलं आणि बाहेर येऊन आबांनाही सांगितलं नाही. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं होतं. तिनं पाटी मागितली नाही.

बहीण पुण्यात वारज्याला राहते. तिच्या घरापासून जवळच सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र आहे, १९९७ पासून. तिथं पैसे घेत नाहीत. रुग्णाबरोबर घरचं एक माणूस राहावं लागतं. बहिणीला ते केंद्र ठाऊक होतं, रोज त्यावरूनच ये-जा. पण तिनं सुचवलं नव्हतं, का तर मला वाटेल की ही आईला मरायला पाठवतेय. त्या रात्री मी फोन केला तर ती एवढंच म्हणाली, ‘दादा, मी दोन महिन्यांपासून वाट बघतेय तू विचारशील म्हणून.’

पहिल्याच दिवशी तिथल्या नर्सनं जखम उघडली. मी म्हणालो, ‘सिस्टर, आत…’ पुढचा शब्द निघेना. त्या म्हणाल्या, ‘किडे आहेत, हो. टर्पेंटाइन घालू, वर येतील, मग काढू.’ ‘भाजीत अळी आहे’ म्हणावं तशा आवाजात. तोंडाला मास्क होता, पण मान मागं गेली नाही. चिमट्यानं एक एक काढून ट्रेमध्ये ठेवत त्या आईशी बोलत होत्या. कुठलं गाव, शेतात आलं किती लावलंय, यंदा दर काय. मग काम न थांबवता म्हणाल्या, ‘आजी, हे माशी बसल्यामुळं होतं. उघड्या जखमेवर माशी अंडी घालते. पापबिप काही नसतं. मी रोज बघते, चांगल्या चांगल्या माणसांना होतं.’ आईचे डोळे वाहायला लागले. वाहताना ती मान हलवत नव्हती, चिमटा लागेल म्हणून.

वासाचा इलाज तर इतका साधा निघाला की मला राग आला. जुलाब-आवेसाठी मिळतात त्याच मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या. बारीक कुटायच्या आणि जखमेवर भुरभुरायच्या. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चमचाभर मीठ, त्यानं जखम धुवायची. जुनी पट्टी कोरडी ओढायची नाही, आधी ओली करायची, नाहीतर रक्त येतं. चार-पाच दिवसांत वास एवढा उतरला की बायको पुण्याला आली तेव्हा खोलीच्या दारात थबकली. चुकीच्या खोलीत आलो की काय असं तिला वाटलं. गावाकडं आम्ही तीन महिने कापूर जाळत होतो.

दुखण्याला मॉर्फिन सुरू केलं. सकाळी सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मधे उठायला लागत नाही. गोळी कुटून पाण्यात कालवून नाकाच्या नळीतून. त्याबरोबर पोट साफ व्हायचं औषध रोज घ्यायचंच, कारण मॉर्फिननं हमखास बद्धकोष्ठ होतं. (घरी आल्यावर आम्ही ते दोन दिवस विसरलो आणि आईला दुखण्यापेक्षा त्याचाच जास्त त्रास झाला.) पहिले दोन दिवस मळमळ, गुंगी. तिसऱ्या रात्री आई आडवी झोपली. मी खुर्चीत बसून तिचा श्वास मोजत राहिलो. इतकी शांत झोपलेली बघायची सवयच गेली होती.

मग तिथल्या डॉक्टर एकदा स्टूल ओढून आईच्या खाटेजवळ बसल्या. ‘आजी, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय तुम्हाला?’ मी त्यांच्या मागून दोन्ही हातांनी नको-नको अशा खुणा करत होतो. त्यांनी वळून बघितलंही नाही. आईनं पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. ‘क्यानसर हाय. दादरच्या धरमशाळंत समद्यांला त्योच हुता.’ डॉक्टर गप्प. आईनं पाटी उलटी करून मागच्या बाजूला लिहिलं, ‘पोराला सांगू नगा. लई हळवा हाय त्यो.’

पोरगा तिथंच उभा होता, पाटी त्याला दिसत होती, आणि दिसतेय हे आईला दिसत होतं. आम्ही तिच्यापासून लपवत होतो, ती आमच्यापासून. दोन वर्षं.

डॉक्टरांनी विचारलं, ‘भीती कशाची वाटते?’ मला वाटलं मरणाची म्हणेल. तिनं एकच शब्द लिहिला, ‘वास.’ जरा थांबून खाली ‘मान्सं लांब बसत्यात.’ आणि मग, बऱ्याच वेळानं, ‘माझ्याच हातानं झालं. मिश्री.’ मला वाटलं आता डॉक्टर ‘असं काही नसतं आजी’ म्हणतील. त्या तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मिश्रीनं होतो, हे खरं आहे. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का कधी?’ आईनं मान हलवली, नाही. ‘मग?’ एवढंच. त्या ‘मग?’चा आईवर काय परिणाम झाला मला सांगता येणार नाही, पण त्यानंतर तिनं हा विषय पाटीवर काढला नाही.

समुपदेशक बाईंनी एक दिवस बायकोला वेगळं बसवलं. काय बोलणं झालं ते तिनं मला महिन्यानं सांगितलं. ती तीन महिने गोठ्यात बसून जेवत होती. घरात घास उतरायचा नाही, आणि सासूचं जेवण नळीवर आलेलं असताना ‘मला जेवण जात नाही’ हे बोलायची लाज. मी रोज त्याच घरात होतो. मला वाटायचं ही म्हशीकडं बघायला जाते.

लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स नावाच्या डॉक्टरांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू केलं. शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचं दुखणं वेगळं काढता येत नाही, सगळं मिळून एकच, असं त्यांचं म्हणणं. हे मी नंतर वाचलं. वाचताना मला गोठा आठवला. ‘पॅलिएटिव्ह’ला मराठी शब्द शोधायचा प्रयत्नही केला. उपशामक म्हणतात, परिहार म्हणतात. आमच्या घरात मात्र आबांनी केलेलं ‘पेल्याटी’ हेच चाललं. ‘पेल्याटीच्या बाईंना फोन लाव रं.’

बारा दिवसांनी आईला घरी आणलं. निघताना नर्सनं बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की मानेजवळची मोठी रक्तवाहिनी फुटण्याची थोडी शक्यता आहे. गडद रंगाची चादर हाताशी ठेवा, पांढऱ्या कपड्यावर रक्त फार दिसतं आणि रुग्ण घाबरतो. घरी आल्यावर बायकोनं ट्रंकेतून लग्नातला मरून शालू काढला आणि आईच्या उशाशी घडी करून ठेवला. आईनं विचारलं, हा कशाला? बायको म्हणाली, ‘थंडीला.’ हे एक खोटं आम्ही शेवटपर्यंत ठेवलं. शालू लागला नाही.

आईची एक अट होती. गोळ्या तिच्या ताब्यात पाहिजेत. दर चार तासांनी कुणाच्या तरी तोंडाकडं बघत बसणं तिला नको होतं. केंद्रातून बजावलं होतं की गोळ्या पोरांच्या हाताला लागता कामा नयेत. मग आईनं मिश्रीची डबी काढली, पुसली, पट्टी कापून दिवसाच्या गोळ्या त्यात ठेवल्या आणि डबी कनवटीला लावली. उरलेल्या ट्रंकेत, कुलपात. भिंतीवरचं घड्याळ तिच्या समोर हलवलं. दहाला दोन मिनिटं कमी असली की डबी वाजायची. चुलते एकदा ओरडले, ‘अफू देताय व्हय म्हातारीला? सवय लागंल.’ आईनं पाटी मागितली. ‘पन्नास वरसं मिश्री लावली तवा कुनी बोललं न्हाय.’

ही अफूची भीती फक्त चुलत्यांची नाही. तालुक्याच्या एकाही मेडिकलमध्ये मॉर्फिनची गोळी नव्हती. महाग असते म्हणून नाही, ती स्वस्तच. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर एवढे परवाने आणि शिक्षेची एवढी भीती झाली की दवाखान्यांनी ती ठेवणंच सोडलं. २०१४ला कायद्यात दुरुस्ती झाली, मान्यता मिळालेल्या संस्थेला आता ढीगभर परवाने लागत नाहीत. पण मान्यता घेतलेली संस्था जवळ पाहिजे ना. आमच्यासाठी ती पुण्यात होती. गोळ्या संपत आल्या की बहीण केंद्रातून घ्यायची आणि मेहुणे एसटीनं पोचवायचे. ज्यांची बहीण वारज्यात नसते, त्यांचं काय होत असेल याचा विचार मी त्या दिवसांत मुद्दाम करत नव्हतो.

आबा अजूनही पडवीतच. फोनवर मी सहज बोललो तर समुपदेशक बाई म्हणाल्या, त्यांना काहीतरी काम द्या. दुसऱ्या दिवशी मी खलबत्ता त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, गोळ्या तुम्ही कुटायच्या, माझ्याकडून बारीक होत नाहीत. ते उंबऱ्यात बसून कुटू लागले. आठ दिवसांनी उंबऱ्याच्या आत. मग खाटेजवळ. रोजचा पेपर घेऊन बसायचे आणि आल्याचे बाजारभाव मोठ्यानं वाचायचे, बातम्या नाहीत, फक्त भाव. आई डोळे मिटून ऐकायची. एकदा त्यांनी दर चुकीचा वाचला तर तिनं डबी वाजवली.

माझ्या मामाचं आणि आमचं चौदा वर्षं बंद होतं. २००९ साली आईनं हक्कसोडपत्रावर सही केली होती, राजीखुशीनं, एक पैसा न घेता. पुढं मामानं रस्त्याकडंची जमीन विकली आणि बहिणीला साधं लुगडंही नेसवलं नाही, यावरून आबा बाजारात चार माणसांत बोलले. मामाची भाऊबीज थांबली. केंद्रातून आल्यावर आईनं पाटीवर त्याचं नुसतं नाव लिहिलं. मी फोन केला. तो ‘बघतो’ म्हणाला. मला वाटलं संपलं.

भाऊबीजेला संध्याकाळी तो आला. मागच्या खोलीच्या दारात उभा, हातात पिशवी, दुसऱ्या हातात रुमाल नाकाला. सवयीनं असेल, तेव्हा वास फारसा नव्हताच. मला आतून पेटल्यासारखं झालं. आईनं पाटी त्याच्याकडं धरली. ‘नाक झाकून बस. पर बस.’ तो बसला. जमिनीचं काही निघालं नाही. पिशवीत लुगडं होतं, हिरवं. ती नेसली नाही, तेवढी ताकद नव्हती, पायांवर पांघरून घेतलं.

सगळेच असे आले नाहीत. संक्रांतीला आईनं हट्टानं हळदीकुंकू करायला लावलं. मागच्या खोलीत नाही, माजघरात. आम्ही खाट उचलून बाहेर आणली. आळीतल्या नऊ घरी मुलगी बोलावणं देऊन आली. चौघी आल्या. आईनं डाव्या हातानं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. तिला लावताना एकीचा हात थरथरला, पट्टी गालावर नाकापर्यंत आली होती, कुंकू तिरकं लागलं. ज्या पाचजणी आल्या नाहीत त्यातली एक आईबरोबर चाळीस वर्षं पंढरीला चालत गेलेली. ती नंतरही आली नाही. दहाव्यालाही नाही. तिच्या मनात काय होतं मला कळलं नाही, मी विचारायलाही गेलो नाही.

संक्रांतीनंतर आई उतरत गेली. नळीतलं दूध पोटात राहीना. फोनवर डॉक्टर म्हणाल्या, आता जबरदस्ती करू नका, शरीर घेत नाही. ओठ आणि जीभ ओल्या कापसानं पुसत राहा. हे ऐकायला सोपं होतं. घरात चुलते, मेहुणे, दोन आत्या. ‘उपाशी मारताय का? सलाईन तरी लावा.’ मेहुणे चांगला माणूस, पण त्यांचं म्हणणं आयसीयू. उद्या लोक म्हणतील पोरानं पैसे वाचवले. हे माझ्याही मनात होतं. मी रात्री अकराला पुन्हा फोन लावला. डॉक्टरांनी उचलला. सलाईननं पाणी अंगात साठतं, श्वासाची घरघर वाढते, भूक-तहान भागत नाही, असं त्यांनी मेहुण्यांना स्वतः समजावलं. माझ्याकडं मोबाइलमध्ये पाटीचा एक फोटो होता, डिसेंबरातला: ‘दवाखान्यात नगं. हितंच.’ तो सगळ्यांना दाखवला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं असं आधीच रीतसर लिहून ठेवायला मान्यता दिलीय, हे मला पुढं समजलं. आमच्याकडं पेन्सिलीनं लिहिलेली पाटी होती, आणि त्या रात्री तेवढ्यावर भागलं.

शेवटचे दोन दिवस घरघर होती. कुशीवर वळवलं की कमी व्हायची. गोळ्या आता आबा अगदी पिठासारख्या कुटून थेंबभर पाण्यात द्यायचे. डबी आईच्या कनवटीतून निघून उशाखाली आली होती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे, आबांनी पेपर अजून उघडला नव्हता, तेव्हा गेली. बहीण एसटीत होती, पोचली नाही.

अंघोळ घालायला आळीतल्या बायका यायच्या असतात. आल्या, अंगणात उभ्या राहिल्या. बायकोनं वाट बघितली नाही, तिनं आणि हळदीकुंकवाला आलेल्या दोघींनी घातली. त्याआधी मी पट्टी बदलली. मिठाचं पाणी कोमट केलं, जुनी ओली करून काढली, पूड भुरभुरली, नवी लावली. मामा दारात उभा होता. म्हणाला, आता कशाला? मी म्हणालो, असू दे.

ग्रामपंचायतीत नोंद, दहावं, तेरावं, त्यात पंधरा दिवस गेले. केंद्रातून एकदा फोन येऊन गेला, सगळे कसे आहात म्हणून. बायको वीस मिनिटं बोलली, मला वाटलं दोन मिनिटांत ठेवेल.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत द्यायच्या असतात. फेब्रुवारीत सुट्टी काढून मी वारज्याला गेलो. ट्रंकेतल्या पट्ट्या आणि डबीतल्या सुट्या, सगळ्या टेबलावर ठेवल्या. नर्स त्याच, चिमटावाल्या. त्यांनी मोजल्या, रजिस्टरवर आकडा लिहिला, माझी सही घेतली. मग डबी हातात धरून झाकणावरचा मोर बघितला. आत काळी पूड कडेला अडकलेली होती.

‘धुऊन देऊ का?’

‘नको. तशीच द्या.’